गुडघ्याएवढी रास

आमच्या ओळीत शेवटून दुसरं घर गवंड्याचं आणि अगदी शेवटचं त्याच्या थोरल्या भावाचं. त्यापुढे घर नाही. एक लोखंडी फाटक आहे. ते लोटलं की डोंगर सुरू.

गवंडी मी शिकवलेल्या पहिल्याच वर्गातला विद्यार्थी. मी तेव्हा एकवीस वर्षांची, तो दहा. शेवटच्या बाकावर बसून खडूचे तुकडे एकावर एक रचत असायचा. रागावले की म्हणायचा, "बाई, पडत नाहीत, बघा तरी." आणि ते खरंच पडत नसत. पुढे आयुष्यभर त्याने तेच केलं. सिमेंट-चुना न वापरता नुसता दगडावर दगड बसवून भिंत उभी करायची, हे त्याचं काम. इथल्या निम्म्या कुंपणभिंती त्याच्या हातच्या आहेत. दगड उचलला की तो आधी तळहातावर फिरवून बघायचा. "दगडाला तोंड असतं," म्हणायचा. "ते सापडलं की तो आपला आपण बसतो."

थोरला भाऊ वाटाड्या. लांबून चालायला येणाऱ्या माणसांना डोंगरावर न्यायचं आणि सुखरूप खाली आणायचं, हे त्याने चाळीस वर्षं केलं. छातीवर वाट-समितीचा पितळी बिल्ला, तोंडात कायम एखादी गंमत. गवंड्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. गवंड्याची ओळख मात्र कुणी गवंडी म्हणून करून देत नसे. "हा वाटाड्याचा भाऊ," म्हणत. लहानपणी दादाचा कोट आणि दादाची पुस्तकं वापरली, त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पण साठीला आल्यावरही माणसाने कुणाचा तरी भाऊच असावं, हे त्याला टोचत असावं. बोलून दाखवायचा स्वभाव नव्हता.

दोघांची बोलाचाली ऐकण्यासारखी असे. गवंडी भिंत बांधत असला की वाटाड्या फाटकाला टेकून उभा राहायचा.

"धाकल्या, भिंत झकास झाली. पण हिला बघायला कोण येणार? लोक डोंगर बघायला येतात."

"डोंगर तू बांधलास का, दादा?"

"मी नाही बांधला. पण दाखवतो तर मीच ना."

यावर गवंडी पुढचा दगड शोधायला लागायचा. भावाच्या तोंडून "काम चांगलं आहे" एवढे तीन शब्द त्याने कधी ऐकले नव्हते. "झकास" हे काही खरं नव्हे. वाटाड्या पावालाही झकास म्हणायचा आणि पावसालाही.

आता डोंगराबद्दल थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. या डोंगराला दोन माथे आहेत. वाट वर एका खिंडीत पोचते. तिथून उजवीकडे गेलं की थोरला माथा आणि डावीकडे गेलं की धाकटा. थोरल्यावर जाणारी वाट रुळलेली आहे. धाकट्यावर वाट अशी नाहीच. फुटलेले खडक, मधे भेगा, दोन ठिकाणी हात टेकल्याशिवाय पाय उचलत नाही. उंची थोरल्यापेक्षा फक्त सव्वीस मीटर कमी. पण चालणाऱ्या लोकांकडे शिखरांच्या याद्या असतात, आणि यादीत थोरला आहे, धाकटा नाही. सगळे थोरल्यावर जातात, पाव खातात, फोटो काढतात आणि उतरतात. धाकट्याचं नशीब म्हणजे मेहनत दुप्पट आणि मान शून्य.

दोन्ही माथ्यांवर दगडांची एकेक रास आहे, म्हणजे होती. थोरल्यावरची माणसाच्या छातीएवढी, एका बाजूने भिंतीसारखी सपाट. धाकट्यावरची जेमतेम गुडघ्याएवढी. त्यामागे जुना नियम होता. फाटकाशेजारच्या पत्र्याच्या पाटीवर तो लिहिलेला होता, रंग उडाल्यामुळे आता अर्धाच वाचता येतो. धुक्यात वर पोचलात तर आधी राशीला हात लावा. छातीला लागली तर तुम्ही थोरल्यावर आहात. सपाट बाजूला पाठ टेकून शंभर पावलं सरळ चाला, उतरायची धार सापडेल. गुडघ्याला लागली तर तुम्ही धाकट्यावर आहात. जागचे हलू नका, आल्या पावली खिंडीत परता. कारण धाकट्यावरून त्याच दिशेला चाळीस पावलांवर घळ आहे. खोल, अरुंद, दोन्ही बाजूंनी ओला खडक.

मी पोरांची सहल नेत असे तेव्हा वाटाड्या त्यांना हा नियम पाठ करायला लावायचा. अलीकडे पाटीकडे कुणी बघत नाही. सगळ्यांच्या खिशात दिशा दाखवणारी यंत्रं आली.

गवंड्याची बायको चार वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नव्हतं. पुढे खांदा दुखायला लागला, तशी त्याने लोकांची कामं घेणं बंद केलं. हात रिकामे राहिले की या माणसाचं काय होतं ते मी बघत होते. स्वतःच्या अंगणातली चांगली भिंत पाडून त्याने तीच भिंत पुन्हा बांधली. मी विचारलं, "काय बिघडलं होतं रे तिचं?" तर म्हणाला, "काही नाही, बाई. तिचं सगळं ठीक होतं."

गेल्याच्या आदल्या शरदात तो रोज सकाळी डबा घेऊन फाटकातून वर जायला लागला. मला वाटलं, चालायला जातो, बरं आहे. तो जात होता धाकट्यावर. दोन महिने एकट्याने तिथले दगड निवडले, फिरवले आणि बसवले. त्याने थोरल्याच्या राशीची जोडी बांधली. उंची छातीएवढी. एका बाजूने सपाट, आणि ती सपाट बाजूही थोरल्याच्या राशीसारखी, त्याच दिशेला तोंड केलेली. जोडी म्हटल्यावर ती शोभायला नको का? तो खरा कारागीर, अर्धवट नक्कल त्याच्याकडून होणारच नव्हती.

हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. समितीची परवानगी घ्यायला हवी होती, ती घेतली नव्हती, हे एक कारण. दुसरं कारण त्याने मला नंतर सांगितलं. वसंतात हवा मोकळी झाली की दादाला खिंडीपर्यंत न्यायचं, डावीकडे बोट करायचं आणि काही न बोलता उभं राहायचं. पाटीवरचा नियम त्याला माहीत नव्हता असं नाही. "हाताने माथा ओळखायचे दिवस गेले, असं मला वाटलं, बाई," म्हणाला.

हिवाळा संपता संपता एका मंगळवारी वाटाड्या एकटाच वर गेला. दर वर्षी जायचा. माणसं यायला लागण्याआधी थोरल्यावर जाऊन दगड सुटलेत का, वाट खचली का, ते बघून यायचं, ही त्याची रीत. दुपारपर्यंत परत यायचा. त्या दिवशी सकाळी दहालाच धुकं उतरलं. दुपार टळली तरी तो आला नाही. संध्याकाळी चौघे कंदील-शिट्ट्या घेऊन खिंडीपर्यंत जाऊन आले. उत्तर नाही.

बुधवारी उजाडताच शोधपथक त्याच्याच घरी जमलं. पथकाची प्रमुख आमची जनावरांची डॉक्टर. मोठी खमकी बाई. गाईचं बाळंतपण असो की माणसाचा शोध, आवाज एकाच पट्टीत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले. वाटाड्याची बायको, जिला गवंडी वहिनी म्हणतो, चुलीपाशी उभी. मी पाव कापत होते. गवंडी दाराशी, हातात टोपी.

"तो थोरल्यावर गेला," डॉक्टर म्हणाली. "तिथून उतरायची धार. म्हणजे पडला असेल तर धारेच्या दोन अंगांना. धाकट्यावर तो धुक्यात जाणार नाही, बरोबर?"

"दादा?" गवंडी म्हणाला. "तो उघड्या उन्हात जात नाही तिथे."

दोघे-तिघे हसले. डॉक्टरने नकाशावर रेघ ओढली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "वर काही बदललंय का? नवी वाट, नवी खूण? दरड वगैरे? गवंडी, तुम्ही शरदात जात होता ना?"

गवंड्याने कपातल्या चहाकडे पाहिलं. "काही नाही," म्हणाला. "दगड आहेत."

मी त्याला दहाव्या वर्षापासून ओळखते. खोटं बोलताना हा मुलगा हातातल्या वस्तूकडे बघतो. मी ते पाहिलं. पण मला वाटलं, परवानगीशिवाय एखादी भिंत बांधली असेल कुठे, या वेळी कशाला खोदून विचारा. मीही गप्प बसले. तोही असाच हिशेब करत होता. भाऊ हरवलाय, आणि आपण बिनपरवाना दगड रचल्याची कबुली कशाला द्यायची? दादाला डोळे आहेत. तो थोरल्यावर गेलाय. याचा त्याच्याशी काय संबंध?

बुधवारचा सगळा दिवस थोरल्याच्या धारेवर गेला. धुकं इतकं दाट की पुढच्या माणसाची पाठ दिसेना. दोन कुत्री आणली होती, वाऱ्याने त्यांनाही काही कळेना. गवंडी पथकाबरोबर होता. हाका मारून मारून त्याचा आवाज बसला. खाली आला तेव्हा बूट काढायला बसला आणि एकच बूट काढून तसाच बसून राहिला. वहिनी त्याच्यासमोर सूपाची वाटी ठेवून म्हणाली, "भावोजी, खा. उद्या तुम्हालाच शोधायला नको."

त्याने खाल्लं. थंडीत माणूस किती टिकतो ते कुणी बोललं नाही. डॉक्टर नुसती बोटांवर तास मोजत होती आणि आपण मोजतोय हे लक्षात आल्यावर तिने हात खिशात घातला.

गुरुवारी दुपारी बाराला पथक दुसऱ्यांदा रिकाम्या हाताने खाली आलं. धुकं तसंच. टेबलाभोवती कुणी बसेना. वहिनीने तोपर्यंत एक अश्रू काढला नव्हता. ती सकाळपासून तीच तीच भांडी धूत होती. तिने नळ बंद केला, हात पुसले आणि डॉक्टरकडे न बघता म्हणाली, "मला एक सांगायचंय. ह्यांना दिसत नाही."

"धुक्यात कुणालाच दिसत नाही, वहिनी," पथकातला एक जण म्हणाला.

"धुक्यात नाही. एरवीच. दोन वर्षं झाली. समोरचं पुसट झालंय, कडेकडेचं तेवढं दिसतं. समितीला कळलं असतं तर बिल्ला काढून घेतला असता. म्हणाले, कुणाला बोलायचं नाही." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पायऱ्या मोजून चालतात. माणूस आवाजावरून ओळखतात. वर गेल्यावर राशीला हात लावतात आणि मग उतरतात. मला म्हणायचे, अगं, डोंगर हाताला पाठ आहे, डोळ्यांचं काय घेऊन बसलीस."

मी गवंड्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा आधी काहीच न समजल्यासारखा होता. मग त्याने उजवा हात उचलला, छातीच्या उंचीला आडवा धरला आणि त्या हाताकडे बघत राहिला.

"राशीला हात लावतो," तो म्हणाला. "दादा."

"हो, भावोजी."

"मी बांधली," तो म्हणाला. "धाकट्यावर. छातीएवढी. सपाट बाजू त्याच अंगाला."

डॉक्टरला समजायला क्षणभर लागला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नकाशावरचे कप एकेक करून उचलले, नकाशा धाकट्याच्या बाजूने वळवला आणि घळीवर बोट ठेवलं. "दोर," एवढंच म्हणाली. "सगळे दोर घ्या."

गवंडी त्यांच्या पुढे धावला. साठीचा माणूस, दुखरा खांदा. त्या खडकांत त्याला थांबवणं कुणाला जमलं नाही. बाकीचे वर पोचले तेव्हा तो स्वतःच्या राशीच्या सपाट बाजूला पाठ टेकून उभा होता आणि मोठ्याने पावलं मोजायला त्याने सुरुवात केली होती. पथकातल्या दोघांनी त्याच्या कमरेला दोर बांधला. अडतिसाव्या पावलाला डॉक्टरने दोर ओढून धरला. खाली घळ.

वाटाड्या सात-आठ माणसांच्या उंचीइतका खाली एका कपारीत होता. जिवंत होता. मांडीचं हाड मोडलेलं, ओठ निळे. शिट्टी वाजवून वाजवून दमला होता, आणि वारा उलटा असल्यामुळे ती शिट्टी घळीतच फिरत राहिली होती. दोन दिवस पथक पलीकडच्या धारेवर त्याच्या नावाने हाका मारत होतं.

हे सगळं मला गवंड्यानेच सांगितलं, तुकड्या-तुकड्याने, महिनाभर. पण एक गोष्ट त्याने पहिल्याच दिवशी सांगितली आणि नंतर कधी उच्चारली नाही. स्ट्रेचर खिंडीत टेकवलं तेव्हा वाटाड्याने डोळे उघडले. वास ओळखावा तसं म्हणाला, "धाकल्या?"

"हो, दादा."

"थोरल्याची रास कुणीतरी नव्याने बसवली रे."

गवंड्याने त्याच्या अंगावरचं पांघरूण वर ओढलं.

"खिंडीत बर्फाने वाट पायाला लागली नाही, खडक हाताला आले तेव्हा चुकलो वाटलं, पण रास छातीला लागली. मी हात फिरवला सगळीकडून. एक दगड हलत नाही. तुझ्यासारखं काम वाटलं." जरा थांबून म्हणाला, "काम चांगलं आहे."

"मीच बसवली," गवंडी म्हणाला. पुढचं वाक्य त्याच्या तोंडातून निघालं नाही. वाटाड्याने डोळे मिटले. तोंडावर थोडं हसू होतं, असं डॉक्टर सांगते. गवंडी त्याबद्दल काही सांगत नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात वाटाड्या तीन दिवस होता. दोन दिवसांची थंडी फुप्फुसात उतरली होती. गवंडी खुर्ची ओढून बसून राहिला. त्याला ते वाक्य पुरं करायचं होतं. ती थोरल्याची रास नव्हती, दादा. पण भाऊ जागा झाला की त्याला खोकला येई, आणि खोकला थांबला की झोप लागे. शनिवारी मी डबा घेऊन गेले तेव्हा गवंडी दाराबाहेर आला.

"बाई, सांगू का नको?"

शिक्षिकेला लोक असे प्रश्न विचारतात आणि तिला उत्तर येत असेल असं धरून चालतात. मी म्हटलं, "सांगितल्याशिवाय तुला राहवणार आहे का?"

"मला नाही राहवणार. पण त्याला एकच गोष्ट चांगली वाटलीय, ती पण काढून घेऊ?"

मी डबा त्याच्या हातात दिला.

रविवारी सकाळी त्याने सांगितलं. भाऊ डोळे मिटून होता, श्वास घरघरत होता. गवंड्याने त्याच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. शरदातले दोन महिने, सपाट बाजू, बुधवारी सकाळी डॉक्टरने विचारलेला प्रश्न आणि आपलं उत्तर. परिचारिका म्हणाली, ऐकू जात असेल, सांगता येत नाही. वाटाड्याने हात हलवला नाही, पापणी हलवली नाही. दुपारी तो गेला.

वहिनी दाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. घरी परतताना गाडीत ती गवंड्याच्या शेजारी बसली. मी मागे होते. मग ती म्हणाली, "बुधवारी सकाळी मीही तिथेच होते, भावोजी. चुलीपाशी. मला तोंड नव्हतं का?"

"तुम्ही दादाच्या शब्दाला जागलात."

"आणि तुम्ही?"

गवंड्याने खिडकीबाहेर बघितलं. "मी लाजलो," म्हणाला.

समितीने चौकशी केली. बिनपरवाना रास बांधल्याबद्दल त्याला पत्र आलं, त्यात रास पूर्ववत करावी असं लिहिलं होतं. पत्र यायच्या आधीच तो वर गेला होता. दोन महिने बांधलेलं त्याने अकरा दिवसांत उतरवलं. बारीक काम होतं, दगड सहज सुटत नव्हते. रोज संध्याकाळी माझ्या दारावरून जाताना हात रक्ताळलेले असत. बाराव्या दिवशी मी त्याच्याबरोबर खिंडीपर्यंत गेले, पुढे माझे पाय चालत नाहीत. खालून मला तो राशीशी उभा दिसला. वाकला, गुडघ्याला हात लावला, मग राशीला, परत गुडघ्याला. तीन-चारदा तपासलं. एक दगड अजून काढला.

निघालेल्या दगडांचं त्याने काय केलं, ते तिथूनच दिसत होतं. घळीच्या तोंडाशी, अडतिसाव्या पावलाच्या अलीकडे, तो कठडा घालतो आहे. कमरेएवढा, वळणावळणाने, तीस हात लांब. यासाठी मात्र त्याने समितीची परवानगी घेतली. अर्ज माझ्याकडून लिहून घेतला.

पण तिथली जमीन मुरमाची, ओली. हिवाळ्यात पाणी गोठतं, फुगतं आणि कठड्याचा पाया सरकतो. यंदा बर्फ वितळल्यावर तो वर गेला तर निम्मा कठडा घळीत गेलेला. खाली येऊन त्याने मला ते सांगितलं तेव्हा आवाजात काही नव्हतं. मी म्हटलं, "अरे, तिथे नाही टिकायचं. डॉक्टर म्हणते, खुंट्या रोवून तारा ओढू. एका दिवसाचं काम."

"तारा ओढा ना," तो म्हणाला. "त्याही ओढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने त्याच्या हातात डबा दिला. हल्ली तीच देते. तो फाटक लोटत असताना ती विचारते, "किती राहिलं, भावोजी?" आणि तो दर वेळी तेच सांगतो.

"वर्षभराचं आहे, वहिनी."